जिभेचं वळण

हे वाचताना ओठ हलू द्या. मनातल्या मनात वाचण्याची सवय थोडा वेळ बाजूला ठेवा. इथे येणारे शब्द पुटपुटत म्हणायचे आहेत, आणि म्हणताना जीभ कुठे टेकते, कुठून सुटते, एवढ्याकडेच लक्ष द्यायचं आहे. एका बैठकीत संपलं नाही तरी काही बिघडत नाही.

पहिलं अक्षर घेऊ: ज्ञ.

'ज्ञान' म्हणा. पुन्हा म्हणा, सावकाश. जीभ आधी वरच्या दातांमागे टेकते आणि द उमटतो, मग नाकातून न येतो, मग जीभ टाळूकडे सरकते आणि य होतो. 'द्न्यान'. पण अक्षरात द नाही आणि न-ही नाही. ज आणि ञ यांचं हे जोडाक्षर. आता हिंदी बोलणारा म्हणेल तसं म्हणा: 'ग्यान'. जिभेचं टोक खाली पडून राहिलं, काम मागच्या भागाने केलं. गुजराती माणसासारखं म्हणा: 'ग्नान'. बंगाली माणसासारखं म्हणा: 'गॅन', आणि त्यातला स्वर थोडा नाकात जाऊ द्या. चार तोंडं, एकच अक्षर. आणि यांतला एकही उच्चार सरळ ज अधिक ञ असा नाही.

इथे थांबा. 'आपलं बरोबर, बाकीच्यांचं बिघडलेलं' असं काही मनात उमटलं का ते पाहा. उमटलं असेल तर ते ढकलून लावू नका, नुसतं बघा. मग पंढरीच्या वाटेवरचा घोष आठवा. शेगावची पालखी परळी-अंबाजोगाईच्या वाटेने जाते तेव्हा टाळकऱ्यांच्या तोंडी 'ग्यानबा-तुकाराम' असतं. ज्ञानदेवांना 'द्न्यानेश्वर' म्हणणारे आपण, त्यांनाच लाडाने हाक मारताना 'ग्यानबा' म्हणतो, आणि तेव्हा कोणालाही ते चुकलेलं वाटत नाही.

आता बीड जिल्ह्यातल्या परळीलाच थांबू.

देवळात देवाचं नाव वैद्यनाथ. रेल्वे स्टेशनाच्या पाटीवर परळी वैजनाथ. दोन्ही नावं एका गावात, एकाच माणसाच्या तोंडी, सकाळ-संध्याकाळ. 'वैद्य' म्हणा. द साठी जीभ दातांशी जाते, य साठी टाळूकडे वळते. हे दोन टप्पे जोडून, जरा घाईने, पुन्हापुन्हा म्हणत राहा. द आणि य एकमेकांत मिसळू लागतात, आणि मधल्या जागी एक नवाच वर्ण तयार होतो: ज. 'वैज'.

हा गावठी जिभेचा सैलपणा वाटेल. पण वररुचीच्या नावावर असलेल्या 'प्राकृतप्रकाश' या जुन्या व्याकरणात याचा नियमच नोंदलेला आहे: त्य, थ्य, द्य यांच्या जागी च, छ, ज येतात. नियम एका देवाच्या नावापुरता नाही, आणि ध्य चंही असंच वळण आहे. पुढचे शब्द जोडीने म्हणा, मध्ये एकेक श्वास घ्या.

अद्य, आज.
विद्युत, वीज.
नृत्य, नाच.
संध्या, सांज.
वंध्या, वांझ.

आज, वीज, नाच, सांज यांना आपण अशुद्ध म्हणत नाही. ते नसतील तर दिवसभराचं बोलणंच अडेल. वैजनाथ हा त्याच कुळातला शब्द. 'आज' पुन्हा एकदा म्हणून बघा, त्यातल्या ज कडे लक्ष द्या. 'जय' मधल्या ज सारखा तो नाही. जीभ परत पुढे आली आहे, दातांजवळ. म्हणजे अद्य मधला द दातांपासून निघाला, य च्या ओढीने टाळूपर्यंत गेला आणि मराठीत येऊन पुन्हा दातांशी परतला. एवढा प्रवास दीड अक्षरात मावला आहे.

वैद्यनाथ म्हणवणारी आणखी दोन मोठी क्षेत्रं देशात आहेत. झारखंडात देवघर, तिथे 'बैद्यनाथ' म्हणतात. हिमाचलात कांगडा जिल्ह्यात एक गावच 'बैजनाथ' आहे. देवघरने व चा ब केला, द्य तसाच ठेवला. कांगड्याने व चा ब केला आणि द्य चा ज-ही. परळीने व सोडला नाही, आणि पुढे मात्र दोन्ही रूपं वापरली. ज्योतिर्लिंग कोणतं, हा वाद जुना आहे. तो इथे सोडवायचा नाही. तिन्ही नावं एकामागून एक म्हणा, वैजनाथ, बैद्यनाथ, बैजनाथ. कोणी काय धरून ठेवलं आणि कोणी काय सोडलं, एवढंच ऐका.

आता एक लांबचा पल्ला. मनन करायला बसल्यावर जो शब्द हमखास येतो, तो घेऊ: ध्यान.

द्य चा ज होतो तसा ध्य चा झ होतो. पालीत ध्यान हे 'झान' आहे. 'ध्यान' म्हणा, 'झान' म्हणा. वळण तेच, परळीच्या देवाच्या नावात होतं ते. प्राकृतातलं हे रूप बौद्ध भिक्षूंबरोबर पूर्वेला गेलं. चीनमध्ये त्यासाठी एक अक्षर ठरलं. चिनी अक्षर आपल्या अक्षरासारखं नसतं, उच्चाराचा त्यात फार तर इशारा असतो. त्यामुळे अक्षर एकच राहिलं आणि ज्याने त्याने ते आपापल्या तोंडाने वाचलं. बीजिंगमध्ये ते आज 'छान' वाचतात, आवाज खालून वर चढवत, आणि आपल्या कानाला तो आपलाच 'छान' वाटतो. कोरियात तेच अक्षर 'सॉन'. जपानात 'झेन', आणि जगभर पसरलं ते हेच नाव. व्हिएतनामात 'थिएन'.

इथे थोडं जास्त थांबा. अद्यचं आज करणारी जीभ आणि ध्यानचं झान करणारी जीभ एकच. तोंडातल्या दोन बोटांच्या जागेत घेतलेलं एक वळण, आणि त्याच्या एका टोकाला परळीचं स्टेशन, दुसऱ्या टोकाला कोरियातला मठ.

त्या कोरियात क्योंगजू नावाचं जुनं राजधानीचं शहर आहे. तिथे एक प्रसिद्ध बौद्ध मंदिर आहे, बुलगुकसा. परंपरेप्रमाणे त्याची आजची उभारणी 751 साली सुरू झाली, आणि 1995 मध्ये ते जागतिक वारशाच्या यादीत गेलं. नावात तीन अक्षरं आहेत: बुद्ध, देश, मंदिर. तीनही चिनी. कोरियन माणूस ती 'बुल-गुक-सा' अशी वाचतो. बीजिंगचा माणूस तीच 'फो-ग्वो-स' अशी वाचेल. दोन्ही म्हणून पाहा.

बुल. गुक.
फो. ग्वो.

कोरियन उच्चारात तोंड शेवटी कुठेतरी अडतं. ल ला जीभ टेकते, क ला घसा बंद होतो. चिनी उच्चारात तोंड उघडंच राहतं. बुद्ध हे नाव चीनमध्ये गेलं त्या काळात त्या अक्षराचा उच्चार 'ब्युत'च्या जवळपास होता असं अभ्यासक मानतात. म्हणजे सुरुवातीला ब, शेवटी त, आपल्या 'बुद्'चाच तो आकार. उत्तर चीनमध्ये पुढच्या शतकांत शेवटचे प, त, क झडून गेले आणि ब चा फ झाला. उरलं फो. कोरियनने शेवट धरून ठेवला, पण त चा ल केला, आणि तो एकाच शब्दात नव्हे, अशा शेकडो शब्दांत, नेमाने. जपानीने 'बुत्सु' केलं, म्हणजे त ठेवला आणि त्याला टेकायला एक स्वर दिला. दक्षिण चीनमधल्या कँटनच्या बोलीत ते 'फत' आहे. सुरुवात बदलली, शेवट टिकला.

मग कोरियन उच्चार अधिक अस्सल का? तसंही नाही. जुन्या चिनी भाषेत प्रत्येक अक्षराला आवाजाचा एक ठरलेला चढउतार होता. बीजिंगच्या बोलीत असे चार चढउतार अजून आहेत. सोलच्या आजच्या बोलण्यात ते नाहीत. सोलने शेवटचं व्यंजन सांभाळलं, त्याच्या हातून सूर सुटला; बीजिंगने सूर सांभाळला, त्याच्या हातून व्यंजन. भावाभावांच्या वाटणीत एकाकडे देव्हारा जातो आणि दुसऱ्याकडे जातं, तसं. घर पूर्ण असं कोणाच्याच वाट्याला आलं नाही.

मूळ घर तरी एक होतं का, हे बघू. लू फायेन या विद्वानाने 601 साली अक्षरांच्या उच्चारांचा 'छियेयुन' हा कोश पुरा केला. पुढची कित्येक शतकं तो प्रमाण मानला गेला. त्याची प्रस्तावना सांगते की हा कोश निघाला तो घरी जमलेल्या विद्वानांच्या एका रात्रीच्या चर्चेतून. उत्तरेचे लोक असं म्हणतात, दक्षिणेचे तसं, कोणतं धरायचं, हा चर्चेचा विषय. म्हणजे ज्याला मागून सगळ्यांनी मूळ मानलं ते उत्तर-दक्षिणेचा मेळ घालून बसवलेलं होतं. फरक त्याही आधीचे होते.

आणि एका राजाने फरक मिटवूनही पाहिला. कोरियाचा राजा सेजोंग याने 1446 मध्ये आपल्या प्रजेसाठी नवी लिपी जाहीर केली, आजची हांगुल. तोंडातल्या अवयवांचा एवढा बारीक विचार करून केलेल्या लिप्या जगात फार थोड्या. त्याच राजाला आपल्या लोकांचे चिनी अक्षरांचे उच्चार बिघडलेले वाटत होते. दरबारी विद्वानांकडून त्याने शुद्ध उच्चारांचा एक कोश करवून घेतला, तो 1448 मध्ये प्रसिद्ध झाला. काही दशकं पुस्तकांत ते उच्चार छापले गेले. लोकांच्या तोंडी ते कधी बसले नाहीत, आणि शतक संपता संपता मागे पडले. लिपी मात्र टिकली. लोकांच्या बोलण्यावरून केलेलं उरलं, लोकांनी कसं बोलावं म्हणून केलेलं गेलं. एक श्वास घ्या आणि परत बीड जिल्ह्यात या.

अंबाजोगाई. देवी योगेश्वरी, गाव जोगाईचं. 'योग' म्हणा, मग 'जोग'. य ला जीभ टाळूच्या जवळ जाते पण टेकत नाही, वारा सरळ निघून जातो. ती जरा जास्त उचलली, टेकली, की ज होतो. शब्दाच्या सुरुवातीच्या य चं प्राकृतात असंच झालं. यात्रा आणि जत्रा, योगी आणि जोगी, यंत्र आणि दळायचं जातं. बंगालीत अक्षर य चंच लिहितात आणि वाचतात ज. मराठीने दोन्ही उच्चार ठेवले आणि दोन्हींना वेगवेगळी कामं दिली. काशीची यात्रा असते, गावच्या देवीची जत्रा. योगी म्हटलं की एक माणूस डोळ्यांपुढे येतो, जोगी म्हटलं की दुसराच.

चीनच्या दक्षिणेकडच्या फुजियान भागात बोलल्या जाणाऱ्या होक्क्येन बोलीत हाच प्रकार आहे. 'शिकणे' या अर्थाचं एकच अक्षर पोथीतल्या शब्दात 'हाक' असं वाचतात आणि घरच्या बोलण्यात 'ओह'. एक थर पुस्तकातून आला, दुसरा तोंडातून तोंडात. बाहेरच्याला गोंधळ वाटतो, आतल्याला कधी कोणता घ्यायचा हे विचारावं लागत नाही.

योगेश्वरी ही कोकणातल्या कितीतरी चित्पावन घराण्यांची कुलदेवता. सह्याद्री ओलांडून ही माणसं इतक्या लांब येतात. त्यांच्या कुळाचारात योगेश्वरी म्हणतात आणि पुण्यात त्याच नावाची देवी तांबडी जोगेश्वरी होते. याच अंबाजोगाईत मुकुंदराजांची समाधी आहे, शके 1110 चा मानला जाणारा 'विवेकसिंधु' त्यांचा. याच गावात दासोपंत राहिले, ते 1615 मध्ये वारले. ब्रह्मविद्या मराठीत सांगता येते, असं ज्यांनी धरलं त्यांच्या गावाच्या नावात पोथीतला योग चुलीपाशी येऊन जोग झालेला असावा, हे मला शोभून दिसतं.

निजामाच्या राज्यात या गावाला मोमिनाबादही म्हणत. त्या राज्याची भाषाही या मातीत मुरली आहे, म्हणून पुढचा मुक्काम किल्ले धारूर.

'किल्ला' म्हणा. अरबीत हा शब्द क़ाफ या वर्णाने सुरू होतो. जिभेचा पार मागचा भाग पडजिभेला टेकवून क म्हणायचा प्रयत्न करा. जमेल तेवढंच. कैरोत हा वर्ण गिळून टाकतात, घशात नुसता एक आचका उरतो. अरबस्तानातल्या बेदुईनांच्या बोलीत तो ग होतो. तेहरानमध्ये घ च्या आसपास जातो. लखनौचा उर्दू बोलणारा क़ टिकवायची शिकस्त करतो. आणि हैदराबादपासून बीड-औरंगाबादपर्यंतच्या दख्खनी बोलीत त्याचा ख होतो: 'क़रीब'चं 'खरीब', 'क़बर'ची 'खबर'. थडगं आणि बातमी एकाच आवाजात येतात आणि तरी ऐकणाऱ्याचा घोटाळा होत नाही. मराठीने सरळ क घेतला. कबर, कलम, काजी, किल्ला.

'किल्ला' या शब्दात ल च्या पाठोपाठ अरबीत ऐन आहे, घशाच्या तळातून येणारा, आपल्याकडे नसलेला वर्ण. उर्दूत तो अजून लिहितात, म्हणत मात्र नाहीत. मराठीने किल्ल्यात त्या ठिकाणी ल दुप्पट केला. आणि 'जिल्हा' हा शब्द पाहा, तोही अरबीच, त्याच्या शेवटी ऐन. तिथे मराठीत ह आला. कागदावर 'बीड जिल्हा' लिहिताना आपण रोज एका हरवलेल्या वर्णाची जागा भरत असतो. खुद्द बीडचंही तसंच. मराठीत ड, उर्दू लिपीत ड़, आणि निजामाच्या काळातल्या इंग्रजी गॅझेटियरमध्ये 'भीर'. गाव हललं नाही. ऐकणारे बदलले.

आता ज्याच्यासाठी एवढं अंतर चाललो तो शब्द. 'पाणी' म्हणा.

ण साठी जिभेचं टोक मागे वळतं आणि टाळूला लागतं. आता 'पानी' म्हणा. टोक पुढे दातांशी. बीडकडच्या बोलण्यात ण च्या जागी न पुष्कळदा ऐकू येतो. दिवाळीच्या सुमारास या जिल्ह्यातून हजारो कुटुंबं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांवर जातात. बरोबर मुलं असतात, त्यांची बोली असते. परक्या गावच्या शाळेत ते मूल 'पानी' म्हणतं आणि वर्ग हसतो. पुढे ते पुण्याला कॉलेजात जातं, तिथेही कोणीतरी हसतं. मूल बोलणं कमी करतं.

हा शब्द मागे नेऊ. संस्कृतात तो 'पानीय' आहे, पिण्याजोगं ते. त्यात न आहे, ण नाही. महाराष्ट्री प्राकृताने सरसकट न चा ण केला, आणि तो मराठीत आला. 'दोघे जण' मधला जण हाही मुळात जन. म्हणजे 'पानी'ला हसणारा ज्या ण ची राखण करतो आहे, तो ण स्वतःच एका काळचा बदललेला उच्चार आहे. बीडच्या मुलाने संस्कृतातला न जपून ठेवला असं मात्र म्हणता येणार नाही. त्याच्या बोलीत ण न मध्ये मिसळला, एवढंच. वाट वेगळी, पोहोचला त्याच जागी. त्याच्याकडे मोठेपणा घेण्यासारखं काही नाही आणि लाजण्यासारखंही काही नाही.

पतंजलीने 'महाभाष्या'त म्हटलं आहे की शुद्ध शब्द थोडे, त्यांचे अपभ्रंश पुष्कळ, आणि उदाहरण दिलं गायीचं. शुद्ध शब्द गौः, अपभ्रंश गावी, गोणी, गोता, गोपोतलिका. त्या यादीतला पहिला अपभ्रंश हा आपल्या 'गाय'चा जवळचा नातलग. दोन हजार वर्षांपूर्वी ज्याला घसरलेला म्हटलं तो वंश आज गोठ्यात नांदतो आहे, आणि गौः श्लोकाबाहेर फारसा भेटत नाही. पतंजली चुकला असं यातून निघत नाही. तो संस्कृताची शिस्त सांगत होता, आणि शिस्तीला जागा आहे. वेदपाठ शेकडो वर्षं टिकला तो पाठशाळेत एक स्वरही इकडचा तिकडे होऊ दिला नाही म्हणून. बातम्या सांगणाऱ्याचं बोलणं सगळ्यांना सारखं कळलं पाहिजे. जिथे सर्वांनी मिळून एक उच्चार ठरवला आहे, तिथे तो पाळावा.

इथपर्यंत आलेल्या शब्दांवरून एकदा मागे नजर टाका. ज्ञान, वैजनाथ, झेन, बुलगुकसा, जोगाई, किल्ला, पाणी. यांतल्या एकाही ठिकाणी जीभ मन मानेल तशी वळलेली नाही. प्रत्येक वळणाला नियम होता, आणि तो नियम पाळणाऱ्यांना तो माहीतही नव्हता. म्हणून कोणी आपल्यापेक्षा वेगळं बोललं की तीन प्रश्न विचारायची सवय लावता येईल. याने कोणता ध्वनी धरून ठेवला? कोणता सोडला? त्याच्या बोलण्यात आणखी कुठल्या शब्दांत हेच घडतं? तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण त्याचं उत्तर शोधायला त्या माणसाला बोलू द्यावं लागतं.

शाळेत 'पाणी' जरूर शिकवावं, परीक्षेत ण च लिहायला लावावा. शिकवताना एवढं मात्र सांगावं की हा आज आपण ठरवलेला उच्चार आहे, मुळातला नव्हे. तो शिकण्यासाठी घरचा उच्चार टाकून द्यावा लागत नाही. परळीकरांनी वैद्यनाथ आणि वैजनाथ यांतलं एकही नाव टाकलेलं नाही, आणि त्यामुळे त्यांचं काही अडलेलंही नाही.